सुईचें टोंक दिसावें म्हणून



शस्त्रक्रिया म्हटली कीं बहुतेकांच्या मनासमोर एकच चित्र उभें राहतें. रोगी टेबलावर निजलेला आहे, त्याच्या तोंडांत नळी आहे, आणि आपल्या देहाचें काय चाललें आहे याची त्यास दादहि नाहीं. परंतु प्रत्येक शस्त्रक्रियेसाठीं रोग्याची सगळी शुद्ध हरपलीच पाहिजे असें मुळींच नाहीं. मनगटाचें हाड मोडलें असेल तर दुखणार तो हात. त्या हाताची वार्ता मेंदूस पोंचविणारे मज्जातंतु मानेंतून निघतात, हांसळीच्या हाडामागून खालीं उतरतात आणि काखेंतून पुढें हातांत पसरतात. तारायंत्राच्या काळीं वाटेंत तार तुटली कीं पलीकडच्या गांवची बातमी अलीकडे येत नसे. तसेंच या वाटेवर योग्य ठिकाणीं बधिर करणारें औषध सोडलें, तर हात कांहीं तासांपुरता लांकडासारखा होतो. रोगी मात्र जागा असतो, बोलतो, आणि आपला श्वास आपण घेतो. यास ग्रंथांत प्रादेशिक बधिरीकरण असें नांव आहे. रुग्णालयांतल्या रोजच्या बोलण्यांत ‘ब्लॉक देणें’ हाच शब्द रूढ आहे.

ही सोय केवळ चैनीची नव्हे. मूत्रपिंडें निकामी झालेल्या रोग्याचेंच उदाहरण घ्यावें. आठवड्यांतून दोन-तीन वेळां त्याचें रक्त यंत्रांतून शुद्ध करून घ्यावें लागतें, आणि त्यासाठीं हातांतील एक रोहिणी व एक नीला एकमेकींस जोडण्याची लहानशी शस्त्रक्रिया करावी लागते. रोहिणी म्हणजे हृदयाकडून येणारी रक्तवाहिनी, व नीला म्हणजे हृदयाकडे जाणारी. अशा रोग्याचें हृदय बहुधा थकलेलें असतें, रक्तदाब चढलेला असतो, अंगांत पाणी सांचलेलें असतें. त्यास संपूर्ण भूल देणें म्हणजे मोठी जोखीम पत्करणें होय. नुसता हात बधिर करतां आला तर ती जोखीम पुष्कळ टळते; शिवाय बधिर झालेल्या हातांतील रक्तवाहिन्या किंचित् रुंदावत असल्यामुळें शल्यवैद्याचें कामहि सुकर होतें.

हें सगळें साधतें तें एका सुईच्या बळावर. ही सुई सुमारें पाऊण मिलिमीटर जाडीची आणि पांच ते दहा सेंटिमीटर लांबीची असते. तिचें टोंक मज्जातंतूच्या अगदीं शेजारीं जाऊन थांबलें पाहिजे, परंतु त्याच्या आंत रुततां कामा नये. मज्जातंतु पडद्यावर दाखविणारें यंत्र आज मोठमोठ्या रुग्णालयांतून आलें आहे. पण चमत्कार असा कीं, ज्या यंत्रास मऊ मांसांतला मऊ तंतु दिसतो, त्यास त्याच मांसांत शिरलेली कठीण पोलादी सुई वारंवार दिसेनाशी होते. हें कां घडतें आणि त्यावर काय उपाय योजले गेले, तें आज सांगावयाचें आहे.

या विद्येचा आरंभ १८८४ सालीं व्हिएन्ना येथें झाला. कार्ल कोलर नांवाचा एक तरुण वैद्य डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं बधिर करणारें औषध शोधीत होता. त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड, जो पुढें मनोविश्लेषणामुळें जगप्रसिद्ध झाला, तो त्या वेळीं कोकेनचा अभ्यास करीत असे. कोकेन जिभेवर ठेवलें कीं जीभ बधिर होते, एवढें पुष्कळांस ठाऊक होतें. कोलरनें तें पाण्यांत विरघळवून आधीं बेडकाच्या डोळ्यांत घातलें, मग स्वतःच्या डोळ्यांत घालून टांचणीच्या डोक्यानें बुबुळास स्पर्श केला. वेदना झाली नाहीं. हायडलबर्ग येथें त्याच वर्षीं १५ सप्टेंबरला भरलेल्या नेत्रवैद्यांच्या परिषदेंत हा शोध जाहीर झाला. पण कोलरजवळ प्रवासाइतकेहि पैसे नव्हते, म्हणून त्याचा लेख दुसऱ्या एका वैद्यानें वाचून दाखविला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत न्यूयॉर्क येथील विल्यम हॉल्स्टेड व त्याच्या सहकाऱ्यांनीं तेंच औषध सुईनें थेट मज्जातंतूच्या जवळ सोडून अंगाचा एक एक भाग बधिर करून दाखविला. हे प्रयोग त्यांनीं स्वतःच्या देहावरहि केले, आणि त्यांतून हॉल्स्टेडला जडलेलें व्यसन त्यास फार महागांत पडलें. पुढें कोकेनची जागा कमी धोक्याच्या औषधांनीं घेतली. औषधाचा प्रश्न असा क्रमाक्रमानें सुटत गेला, परंतु सुईचा प्रश्न शतकभर तसाच राहिला.

तो प्रश्न काय होता, हें १९११ सालच्या एका घटनेवरून ध्यानांत येईल. त्या वर्षीं जर्मनींत कुलेनकाम्फ या शल्यवैद्यानें हांसळीच्या हाडाच्या किंचित् वरून सुई घालून संपूर्ण हात बधिर करण्याची रीत सांगितली, आणि तिचा पहिला प्रयोग स्वतःवरच करून घेतला. जागा फार सोयीची आहे. खांद्यापासून बोटांपर्यंतचे सारे मज्जातंतु तेथें एका मुठींत यावेत इतके जवळ जवळ असतात. परंतु शेजार कसा, तर एका अंगास हातास रक्त पुरविणारी मोठी रोहिणी, खालीं पहिली बरगडी, आणि त्या बरगडीच्या कडेलाच फुप्फुसाचें आवरण. कृश मनुष्याच्या बाबतींत त्वचेपासून मज्जातंतु दोन-अडीच सेंटिमीटरांवर, आणि फुप्फुस तेथून थोडेंसेंच पुढें. सुई तेवढी पुढें गेली तर आवरणास भोंक पडून छातींत हवा शिरते व फुप्फुस आक्रसतें. जुन्या पद्धतींत ही आपत्ति शंभरांत अर्ध्यापासून सहा रोग्यांपर्यंत ओढवत असे. सुई रोहिणींत शिरून औषध रक्तांत गेलें तर प्रकार याहून भयंकर. रोग्यास झटके येतात, आणि ब्युपिव्हाकेनसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधानें हृदय बंद पडण्याचा संभव असतो. अशा वेळीं उपयोगी पडणारें स्निग्ध द्रावण १९९८ सालीं प्रथम उंदरांवर तपासलें गेलें, आणि त्यानें मनुष्याचे प्राण वाचल्याची पहिली नोंद २००६ सालची आहे. तोंपर्यंतचा काळ वैद्यांनीं कसा काढला असेल याची कल्पनाच करावी.

बरें, सुई योग्य जागीं पोंचली हें त्यांस कळावें कसें? आरंभीं रोगीच तें सांगत असे. सुईचें टोंक मज्जातंतूस लागलें कीं हातांत विजेसारखी सणक जाई. ती गेली कीं जागा सांपडली असें समजून औषध सोडावयाचें. म्हणजे ज्या तंतूस इजा होऊं नये त्यासच टोंचून पाहावयाचें, असा हा उफराटा न्याय होता. १९६२ सालीं ग्रीनब्लॅट व डेन्सन यांनीं सहज हातांत धरतां येईल असें विद्युत्-यंत्र पुढें आणलें. त्यांत सुईंतून अगदीं मंद वीज सोडतात. टोंक तंतूजवळ आलें कीं बोटें किंवा मनगट आपोआप हलूं लागतें. ही मोठीच सुधारणा होती व तिचा उपयोग आजहि होतो. तथापि बोटें हलली म्हणजे सुई तंतूच्या जवळ आहे एवढेंच कळतें. ती रोहिणीच्याहि जवळ आहे काय, फुप्फुस किती दूर आहे, याचें उत्तर त्या हलण्यांत नाहीं. अंधाऱ्या खोलींत भिंत चांचपीत जाणाऱ्यास दाराची कडी हातीं लागावी, पण पुढें पायरी आहे कीं खड्डा हें कळूं नये, तशांतलाच तो प्रकार.

डोळ्यांस ही वाट प्रत्यक्ष दिसूं लागली ती ध्वनीच्या साह्यानें. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येतो. सोनोग्राफीच्या यंत्रांतील ध्वनि याहून कितीतरी पटींनीं सूक्ष्म असतो. मज्जातंतु पाहण्यासाठीं सेकंदास सुमारें एक कोटि कंपनांचा ध्वनि वापरतात. तो शरीराच्या मऊ भागांतून सेकंदास १५४० मीटर या वेगानें जातो. तीन सेंटिमीटर खोल असलेल्या वस्तूवर आदळून परत येण्यास त्यास एका सेकंदाचा सुमारें पंचवीस हजारावा भाग लागतो. यंत्र हा वेळ मोजून ती वस्तु किती खोल आहे तें ठरवितें आणि असे असंख्य प्रतिध्वनि जुळवून पडद्यावर चित्र उमटवितें. ग्लासगो येथील इयन डोनाल्ड यांनीं १९५८ सालीं या रीतीनें पोटांतील गांठी व गर्भ दाखविल्यावर तिचा वैद्यकांत सर्वत्र प्रसार झाला. भूल देणाऱ्या वैद्यांनीं मात्र ती उशिरां उचलली. १९७८ सालीं ला ग्रांज व त्यांचे सहकारी यांनीं ६१ रोग्यांच्या बाबतींत रोहिणींतील रक्तप्रवाहाचा नाद ऐकून सुईची जागा ठरविली, पण त्यांत चित्र नव्हतें. पडद्यावर मज्जातंतूंची जागा पाहत पाहत हांसळीवरचा ब्लॉक दिल्याचा वृत्तान्त १९९४ सालीं काप्राल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केला. त्यांत ४० रोगी होते व कोणाच्याहि फुप्फुसास इजा झाली नव्हती. हें काम झालें व्हिएन्ना येथेंच, म्हणजे ज्या शहरांत कोलरनें आपल्या डोळ्यांत थेंब घातला तेथेंच, बरोबर एकशें दहा वर्षांनीं.

पुढें यंत्रें सुधारलीं. हांसळीवर प्रोब टेंकविला कीं काळी, ठोके देणारी वाटोळी रोहिणी दिसते, तिच्या शेजारीं द्राक्षांच्या लहानशा घोसासारखे मज्जातंतु दिसतात, खालीं पहिल्या बरगडीची पांढरी कड आणि श्वासाबरोबर सरकणारी फुप्फुसाच्या आवरणाची रेघ दिसते. आतां सुईनें वाट चुकण्याचें कारण उरलें नाहीं, असें कोणासहि वाटेल. येथेंच खरी अडचण उभी राहिली.

ही अडचण समजण्यास शाळेंतील आरशाचा पाठ पुरेसा आहे. प्रकाशाचा किरण आरशावर ज्या कोनानें पडतो त्याच कोनानें दुसऱ्या बाजूस परावर्तन पावतो. बॅटरी आरशासमोर सरळ धरली तर उजेड डोळ्यांवर येतो. तिरपी धरली तर तो भिंतीवर जातो आणि आरसा काळाच दिसतो. ध्वनीची गोष्ट हीच. स्नायु, चरबी, मज्जातंतु यांची घडण ओबडधोबड व धाग्याधाग्यांची असल्यामुळें त्यांवर पडलेला ध्वनि सर्व दिशांस विखुरतो, आणि त्यांतला कांहीं अंश प्रोबकडे परत येतोच. सुई मात्र घासून पुसून गुळगुळीत केलेली. ती म्हणजे आरसाच. प्रोबच्या तळाशीं समांतर जाईल अशी आडवी घातली तर ध्वनि तिच्यावर काटकोनांत पडून सरळ परत येतो, आणि ती पडद्यावर पांढऱ्या शुभ्र रेघेसारखी चमकते. पण मज्जातंतु खोल असला, तर तिला उतरतें घालावेंच लागतें. सुई पंचेचाळीस अंशांनीं उतरली कीं वरून आलेला ध्वनि तिच्यावर आपटून थेट आडवा निघून जातो, प्रोबकडे वळतच नाहीं. सुई तेथेंच असते, मांस भेदीत पुढेंहि जात असते, आणि पडद्यावर मात्र तिचा मागमूस नसतो. ज्या गुळगुळीतपणामुळें ती रोग्यास कमी दुखविते, तोच गुण तिला यंत्राच्या दृष्टीआड करतो.

याच्या जोडीस दुसरी अडचण आहे. प्रोबमधून निघणारी ध्वनीची पट्टी फार पातळ असते, सुमारें एक मिलिमीटर जाडीची. सुई पाऊण मिलिमीटरची. एका हातांत प्रोब, दुसऱ्या हातांत सुई, नजर पडद्यावर, आणि या दोहोंची गांठ पत्त्याच्या पानाएवढ्या पातळ जागेंत सतत राहिली पाहिजे. हात केसभर कलला कीं सुईचा मधला भाग दिसतो व टोंक पट्टीच्या बाहेर पडतें. नवशिका समजतो कीं सुई एवढीच आंत गेली आहे, आणि तिला आणखी पुढें ढकलतो. कांहीं वैद्य सुई पट्टीस आडवी छेदून नेतात. तेव्हां ती केवळ एका ठिपक्यासारखी दिसते, आणि तो ठिपका टोंकाचा कीं दांड्याचा हें ओळखणें अधिकच कठीण. अमेरिकेंत २००७ सालीं एका रुग्णालयांतील शिकाऊ वैद्यांच्या कामाची बारकाईनें पाहणी झाली, तेव्हां सर्वांत वारंवार घडलेली चूक हीच निघाली, कीं टोंक दिसत नसतांनाहि सुई पुढें सरकविली गेली.

अनुभवी वैद्यांनीं यावर प्रथम हातानेंच उपाय शोधले. सुई प्रोबला चिकटून न घालतां थोडी दुरून टोंचावी, म्हणजे ती अधिक आडवी जाते. टोंकाचा तिरपा कापलेला भाग प्रोबच्या बाजूस वळवून धरावा. सुई किंचित् मागें-पुढें हलवावी, म्हणजे ती न दिसली तरी आसपासचें मांस हलतांना दिसतें. अथवा तिच्यांतून अर्धा-एक मिलिलीटर द्रव सोडावा. जेथें काळें तळें उमटतें तेथें टोंक आहे असें जाणावें. हा शेवटचा उपाय फार शहाणपणाचा आहे, फक्त पिचकारींत हवेचा बुडबुडा राहूं देतां कामा नये. हवेपलीकडे ध्वनि जात नाहीं, आणि एक बुडबुडा सारें चित्र झांकून टाकतो. यंत्र करणाऱ्यांनींहि ध्वनीची पट्टी तिरपी सोडण्याची युक्ति काढली, म्हणजे उतरत्या सुईवर ती शक्य तितकी काटकोनांत पडावी. तिनें पुष्कळ साधलें, पण फार तीव्र उतार असला तर तीहि अपुरी पडते.

मग सुईच बदलावी असा विचार पुढें आला. गांठींतील मांसाचा तुकडा काढून तपासण्यासाठीं ज्या सुया वापरतात, त्यांचा पृष्ठभाग खरबरीत करण्याची कल्पना जुनीच होती. खरबरीत झाला कीं तो मांसासारखाच ध्वनि विखरूं लागतो. दुसऱ्या कांहीं सुयांवर सूक्ष्म हवेचे कण धरून ठेवणारा लेप देतात; हवेवरून ध्वनि जोरानें परततो, म्हणून लेपाची सुई उजळ दिसते. पण सर्वांत मनोवेधक युक्ति तिसरी आहे. सायकलीच्या मागें जी लाल कांच असते ती कोणीं हातांत घेऊन पाहिली असेल, तर आंतल्या बाजूनें तिच्यावर लहान लहान तीन पैलूंचे खळगे असतात हें त्याच्या ध्यानांत आलें असेल. खोलीचा कोपरा जसा दोन भिंती व जमीन मिळून होतो, तसे ते तीन पैलू एकमेकांशीं काटकोन करून असतात. अशा कोपऱ्यांत चेंडू कोणत्याहि बाजूनें फेंकला, तरी तिन्ही पृष्ठांवर आपटून तो फेंकणाऱ्याच्याच दिशेनें परत येतो. म्हणूनच मागून येणाऱ्या मोटारीचा दिवा कोणत्याहि कोनांतून पडो, सायकलीची कांच त्या मोटारवाल्याच्याच डोळ्यांत चमकते. १९६९ सालीं चंद्रावर उतरलेल्या अपोलो ११ च्या प्रवाशांनीं तेथें असेच शंभर कोपरे बसविलेली चौकट ठेविली; पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा किरण तिच्यावरून आजहि परत येतो व त्यावरून चंद्राचें अंतर मोजतात.

तोच कोपरा आतां सुईवर आला. जर्मनींतील गाइसिंगेन येथील पायुंक कारखान्यानें या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस, ब्लॉकच्या सुईवर टोंकापासूनच्या सुमारें दोन सेंटिमीटर भागांत असे तीन पैलूंचे सूक्ष्म खळगे कोरण्यास आरंभ केला. इतर कारखान्यांनींहि आपापल्या रीतीनें खांचांच्या सुया काढल्या. खळग्यांचें मोजमाप फार लहान ठेवावें लागतें, कारण सुईची सारी जाडीच पाऊण मिलिमीटर. आणि या ध्वनीची एक लहर मिलिमीटराच्या सुमारें सातव्या हिश्शाएवढी असते. खळगा लहरीच्या मानानें फार मोठा नसल्यामुळें ध्वनि चेंडूइतका इमानानें परत न येतां थोडाबहुत विखुरतोहि. पण कामापुरता तो परत येतो. आडव्या घातलेल्या सुईच्या बाबतींत साध्या व कोरलेल्या सुईंत फारसा भेद दिसत नाहीं. तेथें साधी सुईहि चमकतेच. सुई जितकी अधिक उतरती, तितका कोरलेल्या सुईचा लाभ मोठा. मृतदेहांवर व प्रत्यक्ष रोग्यांवर झालेल्या तुलनांतून हेंच आढळलें आहे. याचा अर्थ असा कीं, मांडीच्या किंवा कुल्ल्याच्या खोल मज्जातंतूंसाठीं आणि स्थूल रोग्यांसाठीं तिचें मोल अधिक. मनगटाजवळ उथळ ब्लॉक देणाऱ्यास ती नसली तरी अडत नाहीं.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण विक्रेत्यांच्या पत्रकांत ती सांपडत नाहीं. उजळ सुई आणि उजळ टोंक या दोन भिन्न गोष्टी आहेत. खळगे टोंकाच्या मागील दांड्यावर असतात. टोंकाची धार स्वतः लहान व निराळ्या आकाराची. दोन सेंटिमीटरांचा पट्टा लखलखीत दिसतो, आणि पाहणारा त्या लखलखाटाच्या शेवटासच टोंक समजून बसतो. शिवाय फार उजळ सुईच्या खालीं तिच्याच खोट्या प्रतिमा रेघांवर रेघा उमटवितात आणि त्यांत खालचा मज्जातंतु झांकला जातो. खरबरीतपणा वाढवावा तर सुई मांसांत अडखळते व हातास पडद्यापडद्यांमधून जातांना लागणारी ती ओळखीची ‘टप्’ अशी जाणीव बदलते. कांहीं कारखान्यांनीं आतां टोंकाशींच ध्वनि ओळखणारा इवलासा संवेदक बसविला आहे. त्यामुळें टोंक पडद्यावर वर्तुळानें दाखविलें जातें, मग सुई दिसो वा न दिसो. ही सुई चालण्यास त्याच जातीचें महागडें यंत्रहि घ्यावें लागतें, हा तिचा मोठाच दोष.

एवढें सारें करून रोग्याच्या पदरांत काय पडलें? औषध रक्तांत जाऊन होणारा अपाय सोनोग्राफीमुळें कमी झाला, असें ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २५,००० हून अधिक ब्लॉकच्या नोंदींवरून २०१३ सालीं दाखविलें गेलें. औषधहि कमी लागतें, आणि पुनःपुन्हां टोंचणें पुष्कळ कमी होतें. पण मज्जातंतूस कायमची इजा होण्याचें प्रमाण, जें दहा हजारांत दोन ते चार असें धरतात, तें सोनोग्राफीनें घटलें असें सिद्ध झालेलें नाहीं. मग कोरलेल्या सुईनें तें घटलें असें कोणी म्हणूं लागला तर त्याचें बोलणें पुराव्यावांचून मानूं नये. इतकी दुर्मिळ आपत्ति मोजावयाची तर लाखो रोग्यांची नोंद हवी, आणि सुई चांगली दिसली म्हणून ती योग्य जागीं गेलीच असें होत नाहीं. हिशेब उघड आहे : कोरलेली सुई अंधार कमी करते, परंतु सुई कोठें थांबवावी हें ठरवीत नाहीं.

आपल्या देशांत या विद्येस आणखी एक वळण आहे, व तें परदेशच्या ग्रंथांत वाचावयास मिळणार नाहीं. सोनोग्राफीचा उपयोग करून गर्भ मुलीचा आहे असें कळतांच तो पाडण्याचा दुष्ट प्रकार येथें वाढला, तेव्हां त्यास आळा घालणारा कायदा सर्व प्रांतांच्या आधीं महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला. त्यानंतर १९९४ सालीं सबंध देशासाठीं कायदा झाला व २००३ सालीं तो अधिक कडक करण्यांत आला. त्याची गरज होती यांत शंकाच नाहीं, आणि आजहि आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, ज्या भूलतज्ज्ञास गर्भाशीं कांहीं कर्तव्य नाहीं, ज्यास फक्त मान आणि खांदा पाहावयाचा आहे, त्याच्या यंत्राचीहि नोंदणी करावी लागते, कागदपत्रें ठेवावीं लागतात, आणि यंत्र एका रुग्णालयांतून दुसऱ्यांत नेण्यावर निर्बंध येतो. तालुक्याच्या गांवीं भूलतज्ज्ञ एकाच दिवशीं तीन-चार लहान रुग्णालयांत जाऊन काम करतो. आपली पेटी घेऊन तो जाऊं शकतो, सोनोग्राफीचें यंत्र घेऊन नाहीं. म्हणून अशा ठिकाणीं पुष्कळदां अजून विद्युत्-यंत्रावर व हाताच्या अनुभवावरच ब्लॉक दिला जातो. कोरलेली सुई तेथें घेऊन उपयोग काय? तिची चमक पाहण्यास पडदाच नाहीं.

जेथें पडदा आहे तेथें सुईच्या किंमतीचा प्रश्न येतो. कोरलेली सुई साधीपेक्षां महाग, आणि ती एका रोग्यासाठीं एकदांच वापरून टाकून द्यावयाची. काटकसर म्हणून तीच सुई धुऊन दुसऱ्यास वापरण्याचा मोह कोणास झाल्यास तो कठोरपणें आवरला पाहिजे. एका रोग्याचा रोग दुसऱ्यास लागण्याचें भय तर आहेच. त्याखेरीज एकदां हाडास आपटलेल्या सुईचें टोंक हुकासारखें वळतें व दुसऱ्याचा मज्जातंतु ओरबाडतें. त्यापेक्षां नवी साधी सुई घेऊन ती नीट आडवी घालणें शतपटींनीं बरें. साध्या सुईनें मुंबई-पुण्यांतील कितीतरी हात रोज उत्तम काम करीत आहेत.

नवशिक्यांचा सराव कसा होतो, तें शेवटीं सांगावयाचें राहिलें. जिवंत माणसावर शिकणें कोणासहि नको असतें, म्हणून प्रथम जिलेटीनच्या घट्ट वडींत किंवा मांसाच्या तुकड्यांत सुई घालावयास देतात. मांसांत एक स्नायुबंध ओवून ठेवतात. त्यास मज्जातंतु समजावयाचें, आणि त्यास न टोंचतां टोंक त्याच्या कुशीस नेऊन थोडें पाणी सोडावयाचें. जिलेटीन एकसारखें व काळें दिसत असल्यामुळें तींत कोणतीहि सुई लख्ख दिसते आणि शिकणाऱ्यास फुकटचा धीर येतो. मांसांत मात्र धाग्यांच्या गर्दींत तीच सुई हरवते. म्हणून जिलेटीनची पायरी लवकर ओलांडून मांसावर यावें, आणि तेथेंहि पहिले काही दिवस साधीच सुई द्यावी हें उत्तम. तिचें टोंक दिसेनासें झालें कीं सुई जागच्या जागीं थांबवावयाची, फक्त प्रोब हलवून तें पुन्हां शोधावयाचें, आणि सांपडेपर्यंत सुई मिलिमीटरभरहि पुढें न्यावयाची नाहीं. हें हातांत मुरलें म्हणजे मग कोरलेली सुई द्यावी.